फेब्रुवारीची कुपी

रविवारी सकाळी वाल्मिक सरांनी पेपर उघडला आणि म्हणाले, "सुरेखा, ही तुझी निकिता ना गं?"

सुरेखाने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. मागे वळून बघायची तिला गरज नव्हती. बातमी तिला शुक्रवारीच कळली होती आणि मूळ इंग्रजी शोधनिबंध तिने तीनदा वाचला होता.

"असेल," ती म्हणाली.

"असेल काय? चांगला मोठा फोटो आहे. 'साथ नसताना कॉलराचे जंतू दडतात कुठे? देवळाली प्रवराच्या लेकीने लावला छडा.'" सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हेच तर तू म्हणत होतीस. नदीत असतात, पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून राहतात. आपलं लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा."

"अहो, गरम आहे तोवर खाऊन घ्या."

सरांनी पेपरची घडी केली. बायकोचा कोणता आवाज ऐकला की गप्प बसायचं, एवढं त्यांना पंचवीस वर्षांत कळलं होतं.

डॉ. सुरेखा ढाकणे नगरच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. वय चौपन्न, विभागप्रमुख, सावेडीत फ्लॅट. जुलाबाचे आजार हा तिचा आयुष्यभराचा विषय होता. लग्नकार्यात पंगतीला बसलं की कुणीतरी हमखास विचारायचं, "सुरेखाताई, सध्या काय चाललंय?" आणि बाकीचे तोंडाला पदर लावायचे. तिने ते सगळं सोसलं होतं, कारण हा विषय तिने हौसेने निवडला नव्हता. ती पाथर्डीकडची. आईबाप दर दिवाळीनंतर ऊस तोडायला खाली प्रवरेच्या पट्ट्यात जायचे. ती सात वर्षांची असताना तिचा धाकटा भाऊ फडावरच्या पाचटाच्या कोपीत एका दिवसात गेला. सकाळी उसाच्या वाढ्याशी खेळत होता, दिवस मावळताना त्याचे डोळे खोल गेले आणि हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहू लागली. सगळी टोळी कॅनॉलच्या ज्या चारीचं पाणी पीत होती, तेच तोही प्यायला होता. मग त्यालाच का? हा प्रश्न पाठीवर घेऊन पोरगी शिकत गेली, ती थेट पीएचडीपर्यंत.

दोन हजार तीनच्या सप्टेंबरात पुणतांब्यापलीकडच्या एका वस्तीवर कॉलरा झाला. सुरेखा तेव्हा नुकतीच नोकरीला कायम झाली होती. थर्मासचा डबा आणि बाटल्यांची पिशवी घेऊन ती एसटीने तिथे गेली. एका घरात छबूबाई नावाची म्हातारी उंबऱ्यातच बसून होती. तिची सून आदल्या दिवशी गेली होती; सुनेच्या जुलाबाचा नमुना दवाखान्यात होता, तो सुरेखाने मागून घेतला.

"पानी बी उकळून दिलं हुतं, बाई," छबूबाई म्हणाली. "डाक्तर म्हनला, भाईरनं आलं आसंल. पर आमी कुटं गेल्तो भाईर? वस्तीवर कोनी पाव्हना बी आल्ता न्हाई. नदीतच हाय ते. तुमी नदी बघा."

म्हातारी म्हणाली आणि सुरेखाने नदी बघितली. एक रविवार आड, सलग चौदा महिने. पहाटेची एसटी, गोदावरीतून भरलेल्या चार बाटल्या, संध्याकाळी परत नगर, आणि सोमवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी ते पाणी जंतू वाढवायच्या प्लेटवर. एकदाच सापडलं. फेब्रुवारी दोन हजार चार, नदीला जेमतेम घोटाभर पाणी, पंचक्रोशीत एकही आजारी माणूस नाही, आणि हिरव्या प्लेटवर पिवळेधमक ठिपके उगवलेले. तपासण्या केल्या, कॉलराच निघाला. तो तिने एका कुपीत जपून ठेवला. त्या दिवशी ती प्रयोगशाळेत एकटीच हसत बसली होती.

निबंध लिहिला, शोधपत्रिकेला पाठवला, सहा महिन्यांनी परत आला. परीक्षकाने दोनच ओळी लिहिल्या होत्या. एकदाच सापडलेल्या जंतूवर एवढा मोठा दावा करता येत नाही, आणि प्रयोगशाळेतल्याच दुसऱ्या नमुन्याने तो दूषित झाला नसेल, याची खात्री देता येत नाही. सुरेखाला ते कानफटात मारल्यासारखं लागलं. तोवर दिवस गेले होते, मुलगी झाली, आठवड्याला बावीस तास शिकवणं आलं. पुढेही ती साथीसाथींना जात राहिली, रुग्णांचे जंतू बारीक कुप्यांत भरून, मेणाने तोंड बंद करून कपाटात ठेवत राहिली. जिल्ह्याच्या शाळांतून पाण्यावर भाषणं देत राहिली. पण नदीचा विषय तिने मिटवला तो मिटवलाच.

मग बारा साली एमएस्सीला निकिता शेटे आली.

हुशार विद्यार्थी सुरेखाने पुष्कळ पाहिले होते, पण या पोरीचा हात वेगळाच होता. पहिल्याच महिन्यात तिने तारेच्या लूपने प्लेटवर अशा रेघा ओढल्या की एकेक ठिपका सुटा उगवला. तिचा बाप दर सोमवारी गाडीने तिला सोडायला यायचा. देवळाली प्रवरेला कॅनॉलच्या कडेने त्यांचा बारा एकर ऊस होता. पोरीला त्याचं काही वाटत नसे, पण सुरेखाला वाटायचं. तिचे आईबाप ज्या उसात वाकले, तो असाच कुणा शेट्यांचा होता. कदाचित याच शेट्यांचा असेल. तिने कधी विचारलं नाही आणि मनातून काढलंही नाही.

तरी तिने निकिताला जीव लावून शिकवलं. एकदा प्रॅक्टिकल संपल्यावर नदीची सगळी हकीकत सांगितली, अगदी छबूबाईसकट. निकिता टेबलावर कोपर टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग तुम्ही सोडून का दिलं, मॅडम?"

प्रश्न साधाच होता. सुरेखाने तेव्हा काहीतरी उत्तर दिलं, पण प्रश्न मात्र कुसळासारखा आत राहिला.

बारा वर्षांत निकिता कुठल्या कुठे गेली. आधी एका मोठ्या राष्ट्रीय संस्थेत, मग दोन वर्षं परदेशात, मग पुन्हा त्याच संस्थेत, आता स्वतःचा प्रकल्प घेऊन. प्रवरेच्या कॅनॉलमधून तिच्या माणसांनी तीन वर्षं पाणी भरलं, एकदा नाही तर एकोणचाळीस वेळा जंतू पकडला, प्रत्येकाचा जनुकीय आराखडा वाचला आणि दाखवून दिलं की तो पाण्यातच वर्ष काढतो. शोधनिबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात आभाराची अकरा नावं होती. सुरेखाचं नववं. 'उपयुक्त चर्चेबद्दल.'

उपयुक्त चर्चा. चौदा महिने एसटीने धक्के खाल्ले ती चर्चा. सुरेखा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "आपल्या कॉलेजचं नाव काढलं पोरीनं," आणि घरी येऊन इतक्या जोरात कणीक तिंबली की परात ओट्यावरून सरकली.

पेपरात बातमी आल्यानंतर पंधरा दिवसांनी निकिता स्वतः कॉलेजात आली. वाकून पाया पडली. सुरेखाने पाठीवर हात ठेवला आणि त्याच वेळी तिच्या कुर्त्याचं कापड किती तलम आहे, हेही तिच्या लक्षात आलं.

"मॅडम, एक मागायला आले," चहा झाल्यावर निकिता म्हणाली. "पुढच्या निबंधासाठी मला जुना पुरावा हवाय. माझे सगळे नमुने गेल्या चार वर्षांतले. वीस वर्षांपूर्वीही नदीत होता, हे दाखवता आलं तर कोणाला बोलायला जागाच राहणार नाही. तुमची ती फेब्रुवारीची कुपी आहे का हो?"

कुपी सुरेखाच्या पाठीमागच्या कपाटात होती, वरून दुसऱ्या कप्प्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यात. वळून हात लांबवला असता तर लागली असती.

"नाही गं," ती म्हणाली. "भिंतीला ओल आली होती त्या पावसाळ्यात. सगळं बुरशीने खाल्लं. फेकून दिलं."

"सगळंच?"

"सगळंच."

निकिताचा चेहरा उतरला. "जाऊ द्या," ती हळूच म्हणाली. "मी तुमच्या हवाल्याने लिहिते मग. मॅडमनी चार साली पाहिलं होतं म्हणून. चालेल ना?"

"लिही की."

ती गेल्यावर सुरेखाने चहाचे कप उचलून ठेवले. खोटं बोलल्याची लाज वाटायला हवी होती. वाटली ती भलतीच गंमत. आयुष्यात पहिल्यांदा निकिता शेटेला हवी असलेली वस्तू मिळाली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी तिने ठरवलं की हे काम आपण स्वतः करायचं. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज ओस पडलं, तेव्हा तिने खोकं उतरवलं. कुपीवरचं मेण पिवळं पडलं होतं. तारेने आतला कण उचलून तिने खारट पाण्याच्या नळीत सोडला आणि देवाला हात जोडावेत तशी ती नळी उबदार कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालेलं, तिसऱ्या दिवशी हिरव्या प्लेटवर पिवळे ठिपके. वीस वर्षं झोपलेला जीव उठून बसला होता. सुरेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याचा डीएनए काढला आणि पुण्याच्या एका कंपनीकडे आराखडा वाचायला पाठवून दिला. नमुन्याला नाव दिलं नाही, नुसता क्रमांक दिला.

अहवाल येईपर्यंतचे चोवीस दिवस ती हवेत होती. शिकवताना मध्येच थांबायची. मनातल्या मनात निबंधाचं शीर्षक बदलायची. निकिता तो वाचेल तेव्हा कुठे बसलेली असेल, आधी लेखिकेचं नाव बघेल की तारीख, याची चित्रं रंगवायची. वाल्मिक सर म्हणाले, "बरं दिसतंय तुला हल्ली." ती म्हणाली, "का? आधी काय झालं होतं?"

अहवाल बुधवारी दुपारी आला. अठ्ठावीस पानं होती. तिला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, पण पाचव्या पानावर एक साधा तक्ता होता, की हा जंतू आजवर माहीत असलेल्या कोणत्या जंतूशी सर्वांत जवळचा. पहिल्याच ओळीत एक क्रमांक होता आणि पुढे लिहिलं होतं, फरक शून्य.

तो क्रमांक तिला तोंडपाठ होता. तिच्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, तीस वर्षांपासून त्याच क्रमांकाची बाटली होती. प्रॅक्टिकलला मुलांना कॉलरा कसा दिसतो ते दाखवायला दरवर्षी बाहेर काढतात ती. तो जंतू कुठल्या कोण देशातल्या रुग्णाचा, सत्तर वर्षांपूर्वी पकडलेला, जगभरच्या शाळा-कॉलेजांतून फिरणारा. गोदावरीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

म्हणजे त्या फेब्रुवारीतल्या सोमवारी वर्गासाठी ती बाटली टेबलावर होती, आणि कुठेतरी एक तार, एक थेंब, एक बोट चुकलं होतं. परीक्षकाचं बरोबर होतं. वीस वर्षं ज्याला तिने मनोमन शिव्या घातल्या, त्याचं बरोबर होतं.

सुरेखाने अहवाल बंद केला. जिना उतरली, स्कूटीपाशी गेली आणि किल्ली वरच राहिली म्हणून पुन्हा चढून आली. मग खुर्चीत बसली. निकिताने तिचं काही चोरलं नव्हतं, कारण चोरण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतंच. पोरीने एका चुकीवर विश्वास ठेवून खरी गोष्ट शोधली होती. यामुळे मत्सर विझायला हवा होता. तो उलट अधिकच भडकला. आतापर्यंत निदान माझं हिने नेलं असं म्हणता येत होतं. आता तेही गेलं.

कुणाला कळायचं कारण नव्हतं. कुपी जगाच्या लेखी फेकलेली होती. तिने प्लेटा उकळून टाकल्या आणि गप्प बसायचं ठरवलं.

पण डिसेंबरात सावेडीतल्या एका मंडळाने निकिताचा सत्कार ठेवला. रविवारी सकाळी अकराची वेळ. सुरेखा जाणार नव्हती, पण निकिताने दोनदा फोन केला आणि वाल्मिक सर नवा शर्ट घालून तयार बसले. पहिल्या रांगेत निकिताचे वडील काकासाहेब होते. त्यांनी उठून सुरेखाला जागा दिली. "बसा, मॅडम. तुमच्यामुळंच हाय हे समदं," ते म्हणाले. "पोरगी घरी आली की तुमचंच चालतं."

निकिता भाषणाला उभी राहिली. स्वतःविषयी ती फार बोलली नाही.

"मी जे सिद्ध केलं म्हणतात," ती म्हणाली, "ते माझ्या मॅडमनी दोन हजार चार साली पाहिलं होतं. गोदावरीत, एकटीने, एसटीने जाऊन. तेव्हा त्यांचं कोणी ऐकलं नाही. मी फक्त त्यांच्या मागून गेले. मॅडम, वर या ना."

टाळ्या वाजल्या. ज्या वाक्यासाठी सुरेखाने वीस वर्षं जीव टाकला, ते वाक्य भर सभेत म्हटलं गेलं होतं. ती पायऱ्या चढून मंचावर गेली. कुणीतरी खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. सूत्रसंचालकाने माइक पुढे केला. खाली वाल्मिक सर रुमालाने डोळे टिपत होते. सुरेखाने तोंड उघडलं. "धन्यवाद," एवढंच ती म्हणाली, आणि लोकांना वाटलं, बाई भारावल्या.

कार्यक्रमानंतर जेवणाची गडबड सुरू झाली. सुरेखाने निकिताला हॉलच्या मागच्या ओट्यावर नेलं. तिथे आचाऱ्याची भांडी मांडली होती आणि कोणी नव्हतं.

"ती कुपी फेकली नव्हती," ती म्हणाली. "तू आलीस तेव्हा माझ्या पाठीमागेच होती. मी तपासून घेतली. नदीतला जंतू नाही तो. आपल्या प्रॅक्टिकलच्या बाटलीतला आहे. आराखडा जसाच्या तसा."

निकिता बोलली ते वेगळंच.

"होती तुमच्याकडे?"

"हो."

"मी समोर बसून मागितली, आणि तुम्ही नाही म्हणालात?"

"हो."

"का, मॅडम?"

सुरेखाने शाल काढून हातावर घेतली. "तुझा हेवा वाटत होता म्हणून. अजूनही वाटतोय. आता तू वर माझं नाव घेत होतीस, तेव्हाही वाटत होता. किती सहज देते ही, असं वाटलं. भरपूर असलं की देता येतं."

आतून कुणीतरी "ताई, फोटोला चला" म्हणून हाक मारली. निकिताने तिकडे लक्ष दिलं नाही. तिचे कान लाल झाले होते.

"तो निबंध परवा पाठवलाय मी," ती म्हणाली. "त्यात तुमचा हवाला आहे, चार सालचा. आज आठशे माणसांसमोर बोलले. तुम्ही इतके दिवस हे घेऊन बसलात? उद्या दुसऱ्या कोणी काढलं असतं तर माझं एकोणचाळीस नमुन्यांचं कामसुद्धा लोकांनी खोटं धरलं असतं."

"म्हणून तर सांगितलं."

"उशिरा सांगितलंत."

"हो. उशिरा."

निकिता भांड्यांच्या कडेने दोन पावलं गेली आणि परत आली. आवाज तिने मुद्दाम सपाट ठेवला होता. "बाकीच्या कुप्या? रुग्णांच्या?"

"आहेत. एकशे त्रेचाळीस."

"मग त्या द्या मला. नदीतला नसला तरी वीस वर्षांतले इथल्या माणसांचे जंतू कोणाकडेच नाहीत. पण प्रत्येक तपासायची. बाटलीतला किती ठिकाणी गेलाय ते बघायचं, आणि जे निघेल ते छापायचं. फेब्रुवारीची चूकही छापायची. तुमच्या नावाने."

"छाप," सुरेखा म्हणाली. त्या एका शब्दाला तिला फार जोर लावावा लागला.

दोघी फोटोला गेल्या. त्या फोटोत कोणीच हसलेलं नाही.

निकिताने दुसऱ्या दिवशी संपादकाला पत्र लिहून निबंध मागे घेतला. जानेवारीत ती आठवडाभर नगरला येऊन राहिली. पाया पडली नाही. "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणाली आणि हातमोजे चढवले. टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला सुरेखा, मध्ये एकशे त्रेचाळीस कुप्या. कामापुरतं बोलणं चालायचं. ऐंशी कुप्या मेलेल्या निघाल्या, त्रेसष्ट जगल्या. पुढे आराखडे आले, तेव्हा त्रेसष्टांत आणखी दोन प्रॅक्टिकलच्या निघाल्या, एकसष्ट अस्सल. छबूबाईच्या सुनेची कुपी त्या एकसष्टांत होती, आणि कॅनॉलमधल्या जंतूंशी तिचं जवळचं नातं निघालं. निकिताने ते फोनवर सांगितलं, तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा जरा मोकळा झाला. "म्हातारी बरोबर बोलली होती म्हणायची," ती म्हणाली. "पुरावा नव्हता, एवढंच."

नव्या निबंधावर सुरेखाचं नाव दुसरं आलं. तिने ते पाहिलं आणि पहिल्या नावाकडे नजर गेलीच. जायची ती थांबेना.

पण हे सगळं नंतरचं. जानेवारीतल्या त्या आठवड्यात एका दुपारी ती निकिताचा हात बघत होती. पोरगी दर कुपीला मिनिटभरही घेत नव्हती. तार तापवायची, निववायची, कण उचलायची, रेघ ओढायची. सुरेखाला एवढ्याला दुप्पट वेळ लागत होता आणि चष्मा सारखा घसरत होता. छातीत तोच ओळखीचा जाळ उठला. तेवढ्यात तिला दिसलं की घाईत निकिताने कुपीचं तोंड ज्योतीवरून फिरवलंच नाही. अशाच चुकीने बाहेरचा जंतू आत शिरतो.

गप्प बसता आलं असतं.

"तोंड जाळलं नाहीस," सुरेखा म्हणाली.

निकिता थांबली. हातातल्या कुपीकडे बघितलं, ती बाजूला ठेवली, त्या प्लेटवर लाल खूण केली.

"ही पुन्हा करते," ती म्हणाली आणि नवी प्लेट घ्यायला हात पुढे केला. सुरेखाने ती तिच्या हातात दिली.